कुणाचंही नसलेलं पांढरं

“हात धुतल्याशिवाय पांढऱ्याला शिवायचं नाही, नेरिओ.”

आईचा आवाज अंगणातून वर यायचा, तागाच्या धुळीनं खरवडलेला. त्यात राग नसायचा. ऊन पडलंय, दूध उतू जातंय, असं काहीतरी सांगावं तसं ती ते सांगायची. दोरीवर चादरी वाळत असायच्या आणि त्यांच्या मधून धावायची त्याला हौस होती: दोन्ही अंगांना ओलं पांढरं, वर सपाटीचं भलंमोठं आकाश, नाकात राखेच्या पाण्याचा वास, आणि कुठल्यातरी चादरीपलीकडून बहिणीचं, आर्जियाचं हसू. तिचे फक्त पाय दिसत. हात त्याचे कधीच स्वच्छ नसत. ताग कुजवायच्या तळ्याचा काळा चिखल कायम नखांत. तरी तो हात लावायचाच. मग चादरीवर पाच बोटं उमटायची आणि आई ती चादर दोरीवरून ओढायची, परत राखेच्या पाण्यात बुडवायची. ते माराहून जास्त लागायचं. पुढं आयुष्यभर कुठल्याही पांढऱ्यापुढं उभं राहिलं की आधी तो आवाज, आणि मग आपले हात. मिलानमधल्या चित्रशाळेत रोज सकाळी तो कोपरापर्यंत हात धुतो. रंगाला हात लावायच्या आधी हात धुणारा चित्रकार, ही लोकांना कलावंताची लहर वाटते. एका मुलाखतकारानं त्यावर अख्खं पान लिहिलं होतं, आणि त्या पानात आई कुठंच नव्हती.

त्या शुक्रवारी तो हातच धूत होता, तेव्हा फोन वाजला. संग्रहालयातल्या लुआल्दीबाई. जुनी चित्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. शरदात नेरिओ तस्सीनारीचं आयुष्यभराचं काम एकत्र मांडायचं ठरलं होतं, म्हणून गेले काही महिने त्या त्याच्या चित्रांवर डॉक्टरसारख्या वाकलेल्या होत्या.

“मायेस्त्रो, घाबरू नका, काही बिघडलेलं नाही,” अशी त्यांनी सुरुवात केली, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं. “तुमच्या पहिल्या पांढऱ्या चित्राची एक खपली सुटली. खालच्या कोपऱ्यातली. तिथं तुम्ही थर फारच जाड दिलाय, बाकी कुठंच एवढा नाही. का हो?”

“तरुण होतो. हात सैल होता.”

“असेल. पण खपलीखाली दोन अक्षरं निघालीत. लाल दोऱ्यानं भरलेली, बारीक फुल्याफुल्यांची. एक आ आणि एक त. त म्हणजे तस्सीनारी, तुमचं आडनाव, हे मला कळलं. आ कोण?”

कोपरावरचं पाणी ओघळून त्याच्या बाहीत शिरलं. “कालव्याकाठच्या जुन्या बाजारातलं कापड ते. मी इतक्या वेळा सांगितलंय. आ कुणीही असेल. ‘त’वरून आडनावं काय इटलीत एकट्या आमचीच आहेत?”

“माझी आई म्हणायची, योगायोग हा आळशी माणसाचा संत.” बाई हसल्या. “तुमच्या गावी बहीण आहे ना? त्यांना फोन करून विचारू का? बायकांना कापडाचं आठवतं. माहितीपुस्तक सोमवारी छापायला जातंय, तेवढी एक ओळ नीट लिहिता येईल.”

“तिला मीच विचारतो,” तो घाईनं म्हणाला. “ती फोनवर ओरडते. तुम्हाला वाटेल, भांडतेय.”

खोटं इतकं चटकन आणि इतकं घरगुती निघालं की त्याची त्यालाच शरम वाटली. आर्जिया फोनवर ओरडत नाही. आर्जिया फोनवर बोलतच नाही फारसं. ख्रिसमसला तो फोन करतो, ती म्हणते, धुकं आहे इथं, तो म्हणतो, इथंही, आणि मग दोघं एकाच धुक्याच्या दोन टोकांना उभी असल्यासारखी फोन धरून राहतात. अक्षरं आर्जियाची होती. चादर आर्जियाची होती. पहिल्या पांढऱ्यापासून पुढची कित्येक पांढरी, जी आज कुठं तोक्योत, कुठं साओ पावलोत, कुठं बाझलच्या कुण्या बँकेच्या दिवाणखान्यात टांगलेली आहेत, ती सगळी आर्जियाच्या लग्नाच्या पेटीतली होती.

रविवारी सकाळी तो बोलोन्याला गाडी बदलून फेराराकडे निघाला तेव्हा काय करायला चाललोय हे त्याला नीट माहीत होतं, आणि डब्यातल्या सगळ्यांनाही ते माहीत आहे असं उगाचच वाटत होतं. तो बहिणीला सांगायला चालला होता की संग्रहालयाची बाई विचारेल तर खोटं बोल. म्हण, बाजारातून आणलं होतं. ज्या माणसाचं घर आपण लुटलं त्याच्याच दारात जाऊन म्हणायचं, पोलिस आले तर सांग, चोरी झालीच नाही. समोरच्या बाकावर एक म्हातारा सुरीनं पीच सोलत होता. साल एकसंध, लांबत चाललेली. नेरिओला ती तुटावी असं वाटत राहिलं.

त्याच्या ऐन उमेदीतली गोष्ट. एका तळघरातल्या चित्रदालनात खुर्चीवर चढून त्यानं आपला जाहीरनामा वाचला होता. अंगात उसना कोट, पोटात सकाळपासून फक्त कॉफी. ‘पांढरं कुणाचंही नसतं. त्याला घर नाही, आई नाही, नाव नाही. मी चित्र काढत नाही, मी निनावी कापडाला बोलू देतो. मी रेषा ओढत नाही, ती मला सापडते.’ कुणी टाळ्या पिटल्या, कुणी संत्र्याची साल फेकून मारली, आणि दुसऱ्या दिवशी एका समीक्षकानं लिहिलं की या तरुणानं चित्रातून चित्रकार हाकलून दिला. वाचताना त्याच्यामागं भिंतीवर पहिलं पांढरं होतं. पुरुषभर उंचीचं, चुनखडी आणि सरसाचा थर दिलेलं, आणि बरोबर मधोमध वरून खालपर्यंत एक उंचवट्याची रेष. थरथरती. मध्येच जराशी डावीकडं झुकणारी, पुन्हा सावरणारी. त्या रेषेवर लोकांनी पुस्तकं लिहिली. कुणी तिला जखम म्हटलं, कुणी क्षितिज उभं केलंय म्हटलं, फ्रान्समधला एक जाड भिंगांचा गृहस्थ तिच्यापुढं रडला. ‘आई नाही’ हे शब्द नेरिओनं घाईनं वाचून टाकले होते. तेवढं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती रेष म्हणजे शिवण होती. घरचा माग अरुंद, आईच्या दोन हातांच्या पल्ल्याएवढा; त्यावर निघणारी पट्टी पलंगाला पुरायची नाही. म्हणून दोन पट्ट्या काठाला काठ लावून मधोमध जोडायच्या, तेव्हा एक चादर व्हायची. त्यांच्या सपाटीवर कुणालाही विचारलं असतं तर हसून सांगितलं असतं. मिलानमध्ये कुणी विचारलंच नाही. विणणं आईचं, जोडणं आर्जियाचं. हिवाळ्यात गोठ्यातच सगळ्यांची बैठक असायची, गाईंच्या उबेला; आई मागावर, आर्जिया कंदिलाशी सुई घेऊन, आणि आईच्या ओठांत ते गाणं, जे पोरगी चादर जोडायला बसली की म्हणायचंच असतं:

एका काठाला दुजा काठ, बाई जोडिते सुईनं,
लेकीचं ते घर, असं बांधिलं आईनं.
धागा सरला गं बाई, गाठ मारू कुणापाशी,
माहेराचं पांढरं, जाई परक्या दाराशी.

शेवटच्या ओळीला आर्जियाची सुई दर वेळी थांबायची. मागे वळून पाहताना हे त्याला आठवतं. तेव्हा त्याचं लक्ष तिच्या सावलीकडे असायचं, कंदिलाच्या उजेडात भिंतीवर वरखाली होणाऱ्या त्या प्रचंड हाताकडे. रेष डावीकडं झुकायची ती तिथं, त्या ओळीवर. हे कुठल्याच पुस्तकात नाही.

ती चोरी गुड फ्रायडेच्या दुपारी झाली. तो ईस्टरला म्हणून मिलानहून आला होता, फाटक्या बुटांनी. कॅनव्हास घ्यायची ऐपत नव्हती आणि वर्तमानपत्रावर चित्रं काढून काढून हात रडकुंडीला आले होते. आदल्या संध्याकाळी आर्जियानं विचारलं होतं, “तुला लागतं तरी काय रे तिकडं?” तो म्हणाला होता, “काही नाही. मोठं, घट्ट, पांढरं कापड.” ती म्हणाली होती, “बस्स?” आणि भांडी घासत राहिली होती. दुसऱ्या दिवशी सगळं गाव क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनायात्रेला गेलं, आईसुद्धा, तिच्या एकुलत्या काळ्या झग्यात. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत. पोरं लाकडी करकरे फिरवत गावभर हिंडतात. डोकं दुखतंय म्हणून तो घरी राहिला. करकऱ्यांचा आवाज लांब जाईपर्यंत थांबला आणि वरच्या खोलीत गेला. लग्नाच्या पेटीची किल्ली आईच्या रोजच्या एप्रनच्या खिशात असायची, ती कुणाच्या हाती देत नसे. त्या दिवशी किल्ली कुलपातच होती. का होती हे त्यानं विचारलं नाही. चोराला दार उघडं दिसलं की तो देवाचे आभार मानतो, घरच्यांची चौकशी करत नाही. पेटीत वाळलेल्या लव्हेंडरचा वास होता आणि पांढऱ्याचे थर. पोत्यात मावल्या तेवढ्या चादरी त्यानं भरल्या. तळाशी दोन राहिल्या. त्यानं हात धुतले नव्हते. हे त्याला स्वच्छ आठवतं.

आणि वर्तमानपत्रं. ते तो आठवू बघत नाही आणि तेच सगळ्यात आधी आठवतं. लग्नाआधी नवऱ्याकडच्या बायका येऊन मुलीची पेटी बघतात. एकेक चादर उलगडायची, उजेडात धरायची, शिवण बोटांनी चाचपायची, कोपऱ्यातली अक्षरं वाचायची. आर्जियाच्या होणाऱ्या नवऱ्याची, ओदोनेची आई दोन जावांना घेऊन आली तो दिवस नेरिओनं पाहिला नाही. मावशीनं मिलानमध्ये त्याच्या दारात उभं राहून त्याला सांगितला, आत न येता. आईनं पेटी उघडली. वर दोन चादरी होत्या. त्या हौसेनं उलगडून दाखवल्या. मग तिसरीसाठी हात घातला आणि हाताला कागद लागला. खालपर्यंत कागद. दुमडलेली जुनी वर्तमानपत्रं, चादरींच्याच घडीसारखी घडी घालून रचलेली. ओदोनेची आई म्हणाली, “वाचायला बरं आहे, निजायला नाही,” आणि जावा हसल्या. सोयरीक मोडली. मावशी म्हणाली, “चोरलंस ते चोरलंस. पण कागद भरलेस, नेरिओ? आपल्या आईला चार बायकांत कागद उलगडायला लावलास?” तो म्हणणार होता, मी कागद भरले नाहीत. त्याला तसं काही आठवत नव्हतं. पण ज्यानं चादरी नेल्या त्यानं कागदाबद्दल कोणत्या तोंडानं बोलायचं? आणि मग वर्षामागून वर्षं ते आठवू लागलं. आधी गठ्ठ्याचा स्पर्श. मग घडी घालताना होणारी खसखस, आणि खाली रस्त्यावर परतणारे करकरे. मग बोटांना लागलेली छापाची शाई. रात्री हात धुताना तो आता ती शाई बघू शकतो. माणसानं खून केला तर निदान प्रेत असतं. त्याच्याकडं पुराव्याला फक्त आपली दहा बोटं होती, आणि ती रोज नव्यानं काळी व्हायची.

आईनं त्यानंतर त्याचं नाव घेतलं नाही. ती गेली तेव्हा तो मागच्या रांगेत उभा राहिला. शवपेटीला खांदा द्यायला पुढं झाला तर ओदोनेच्या धाकट्या भावानं न बघताच खांदा मध्ये घातला, आणि नेरिओ बाजूला सरला, जसं लोकांच्या वाटेतून सरतात. तोवर तो प्रसिद्ध होता. चादरी संपल्या तेव्हा त्यानं रुंद, यंत्रावरचं कापड आणलं. त्याला शिवण नव्हती. स्वतः सुई घेऊन बसला. शिवण सरळ आली आणि मेलेली. मग ओल्या थरात नखानं रेष ओढू लागला. समीक्षकांनी त्याला उत्तरार्ध म्हटलं, परिपक्वता म्हटलं. त्यानं आर्जियाला गरम कोट पाठवले, मऊ चामड्याचे हातमोजे पाठवले. ती फळं भरायच्या सहकारी कारखान्यात लागली होती. तिनं लग्न केलं नाही. कोट तिनं घातले की नाही, त्यानं कधी विचारलं नाही.

गाडीबाहेर मका, पेअरच्या बागा, पुन्हा मका. ताग आता कुणी पेरत नाही. ज्या तळ्यांच्या कुजक्या वासानं ऑगस्टभर जेवण जायचं नाही, त्यांच्या काठावर आता लोक घडीच्या खुर्च्या टाकून मासे पकडतात. तो उतरला. स्टेशनापासून गावात जाणाऱ्या रस्त्यावर पाकळ्या पसरलेल्या होत्या आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आज कोर्पुस दोमिनी आहे, ख्रिस्ताच्या देहाचा सण. तारीख त्याच्या डोक्यातच नव्हती. मिरवणूक निघणार, आणि जिथून ती जाईल तिथली प्रत्येक खिडकी घरातल्या सर्वांत चांगल्या कापडानं झाकायची. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून चादरी लोंबत होत्या. रेशमी पलंगपोस, लेसच्या झालरी, आणि मध्ये मध्ये जुनी, जाड, मधोमध शिवण असलेली. वारा नव्हता. सगळ्या शिवणी सरळ खाली आलेल्या. त्याला वाटलं, हे माझं सगळ्यात मोठं प्रदर्शन, आणि यात माझं एकही चित्र नाही. हा विचार त्याला आवडला आणि आवडला याची लाज वाटली. इथंही आपण एक वाक्यच शोधतोय.

“काय रे, मिलानवाल्या.” शेजारची झेलिंदा दारात खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर पाकळ्यांची टोपली. “बघितलं हं तुला टीव्हीवर. सगळं पांढरं. मी सुनेला म्हटलं, आपलं स्वैपाकघर काळं झालंय, याला बोलावू का?”

“बोलाव की, झेलिंदा.”

“नको बाबा. तू दोन महिने हात धुशील आणि मग म्हणशील भिंत बोलतेय.” ती हसली, सगळे दात दाखवून, आणि मग हसू आवरून म्हणाली, “जा, वर आहे ती. चादर काढतेय. तिची एकच, पण तेवढी पांढरी अख्ख्या रस्त्यावर नाही.”

एकच. दोन राहिल्या होत्या त्यातली एक आईबरोबर शवपेटीत गेली. दुसरी दर वर्षी याच दिवशी खिडकीत. म्हणजे दर वर्षी, सगळ्या गावासमोर, त्याची चोरी, घराच्या बाकीच्या रिकाम्या खिडक्यांसकट. तो जिना चढला.

आर्जिया वरच्या खोलीत होती. केस कापलेले, आखूड आणि पांढरे. अंगात फुलांचा झगा, पायात खेळाचे बूट. पलंगावर चादर पसरलेली. पेटी तिथंच, भिंतीशी, आता तिच्यावर रेडिओ आणि सायकलचा पंप. तिनं त्याच्याकडं बघितलं, जणू तो खालच्या दुकानातून मीठ घेऊन आला होता.

“आलास ते बरं झालं. झेलिंदाची सून येणार होती, तिची कंबर धरलीय. हे टोक धर, ताणायचंय.” आणि तो पुढं झाला तेव्हा: “हात?”

तो खाली गेला. अंगणातला पंप अजून होता, दांडा नवा. पाणी तसंच, लोखंडाच्या चवीचं, उन्हातही थंडगार. तो कोपरापर्यंत हात धूत राहिला, इतका की वरून तिनं खिडकीतून डोकं काढलं. “चामडी निघेल. ये आता, बँडचा आवाज येतोय.”

दोघांनी टोकं धरली. चादर ताणायची एक रीत असते: दोघांनी मागं झुकायचं, एकाच वेळी झटका द्यायचा, मग कोपरे तिरपे ओढायचे, पुन्हा झटका. ती दोघं लहानपणी हे खेळासारखं करायची. जो ओढला जाईल तो हरला. आता त्यांच्या मध्ये ते सगळं पांढरं होतं आणि त्याच्या मधोमध शिवण, तिच्याकडून त्याच्याकडं येणारी. मध्ये जराशी झुकलेली. त्यानं अंगठ्यानं ती चाचपली. त्याच्या हाताशी कोपऱ्यात लाल आ, लाल त.

“आर्जिया, तुला संग्रहालयातून एका बाईचा फोन येईल.”

“बरं.”

“एका चित्राखाली अक्षरं सापडलीत तिला. ही.” त्यानं कोपरा उचलला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. “तिला काही माहीत नाही. मी इतकी वर्षं सांगत आलोय की कापड जुन्या बाजारातलं होतं, कुणाचंही नसलेलं. सगळं त्याच्यावर उभं आहे, माझं सगळं. उद्या ते छापलं जाईल. तिनं विचारलं तर तू एवढंच म्हण, की तुला ठाऊक नाही. असेल बाजारातलं.”

तिनं झटका दिला. तो तयार नव्हता. एक पाऊल पुढं खेचला गेला.

“म्हणजे मी खोटं बोलू.”

“मला माहितीय मी काय मागतोय.” त्याचा आवाज त्यालाच ओळखीचा वाटला नाही. “मला माहितीय तुझं काय गेलं. ओदोने गेला, घर गेलं. आई गेली माझं नाव न घेता. माझ्यामुळं तू जन्मभर या खोलीत...”

“या खोलीत?” तिनं खरंच खोलीभर पाहिलं. “मी या खोलीत निजते फक्त, नेरिओ. दर शनिवारी नाचायला जात होते मी, गुडघा दुखेपर्यंत. समुद्रावर गेले, सायकलवरून. कारखान्यात बायकांनी मला तीनदा पुढारी निवडून दिलं. तुझा तो कोट घालून मी मालकाशी भांडायला जायचे, मालकाला वाटायचं माझ्याकडं पैसा आहे.” ती हसली, आणि मग हसू कुठंतरी अडलं. “झटका दे. सैल पडलीय.”

त्यानं झटका दिला. बँड कोपऱ्यावर आला असावा; तुताऱ्या, थोड्या बेसूर, आणि मागं बायकांचं गाणं. खाली झेलिंदा कुणाला तरी पाकळ्या नीट उधळायला सांगत होती.

“मी नाही सांगणार त्या बाईला तसं,” आर्जिया म्हणाली.

“म्हणजे खोटं नाही बोलणार.”

“एक खोटं मी चाळीस वर्षं सांभाळतेय. त्याच्याशेजारी दुसरं ठेवायला जागा नाही माझ्याकडं.” ती चादरीकडं बघत होती, शिवणीकडं. “ओदोनेची आई मला बघायला आली तेव्हा तिनं माझं मनगट असं धरलं होतं, दोन बोटांत, कोंबडी घेताना बघतात तसं. म्हणाली, हाडं रुंद आहेत, कामाला बरी. ओदोने शेजारी उभा होता, हसत. वाईट नव्हता तो. पण मी रात्रभर गोठ्यात बसून चादरी जोडायचे आणि प्रत्येक टाक्याला वाटायचं, मी माझीच दोरी वळतेय. आईला सांगायची सोय नव्हती. तिनं त्या पेटीत आपले डोळे घातले होते. मग तू आलास आणि म्हणालास, मोठं, घट्ट, पांढरं.”

चादर त्याच्या हातात सैल पडली आणि तिनं ती पुन्हा ताणली.

“आईचा रोजचा एप्रन दारामागं होता. काळा झगा घालून ती निघाली तेव्हा मी मागं राहिले, बूट बांधते म्हणून. किल्ली काढली, पेटीला लावली. क्रुसाच्या पहिल्या थांब्यापासून मी परत फिरले, पोपलरच्या झाडांमागून. तुला पोतं घेऊन जाताना पाहिलं. तुझ्या डाव्या बुटाची टाच सुटली होती, चालताना टाळ्या वाजवल्यासारखी वाजत होती. मला तुला हाक मारायची होती की सगळ्या ने, दोन कशाला ठेवल्यास.”

“किल्ली,” तो म्हणाला. “आईला वाटलं असेल, तीच विसरली.”

“शेवटच्या आजारात रोज विचारायची. आर्जिया, किल्ली माझ्याकडून राहिली कशी गं? मी उशी नीट करायचे. म्हणायचे, निज आता.” तिचा आवाज तसाच राहिला, फक्त चादरीचा काठ तिच्या मुठीत गोळा होऊ लागला, दोघांनी आत्ताच ताणून सरळ केलेला. “तुझं नाव तिनं टाकलं तेव्हाही मी गप्प. गावानं तुला काय काय म्हटलं, तेव्हाही. मला वाटायचं, त्याला काय, तो मोठा झाला, त्याला लागणार नाही.”

मिरवणूक खिडकीखाली आली होती. चादर खिडकीत नव्हती, खोलीत होती, दोघांच्या मध्ये. तस्सीनारींची खिडकी त्या वर्षी उघडीच राहिली आणि खालून कुणीतरी वर बघून काही बोललं. नेरिओच्या डोक्यात मात्र एवढं एकच फिरत होतं, आणि ते विचारताना त्याला वाटलं, हे आपण कुणाची तरी क्षमा मागतोय.

“पण कागद, आर्जिया. कागद मी भरले. त्याला तू काय करणार? मला घडी घातलेली आठवते. मला बोटांवरची शाई आठवते.”

ती त्याच्या हातांकडं बघत होती, ओल्या, लाल झालेल्या, मुलासारख्या पुढं धरलेल्या.

“चादरी कमी झाल्यात हे आईला लगेच कळलं असतं तर तिनं गुपचूप नव्या विणल्या असत्या, लग्न झालंच असतं. ते सगळ्यांसमोरच कळायला हवं होतं,” आर्जिया म्हणाली. “शाई माझ्या बोटांना होती, नेरिओ. आई क्रुसाच्या वाटेवरून परत आली तेव्हा मी पंपावर हात धूत होते. तिनं बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, पोरगी शहाणी आहे माझी, हात धुतल्याशिवाय पांढऱ्याला शिवत नाही.”